छेद लहान, वाट लांब

पुरोगामी चळवळीत काही समजुती इतक्या खोल रुजल्या आहेत की त्या तपासून पाहण्याची गरज कोणालाच वाटत नाही. दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया हे श्रीमंतांचे चोचले आहेत, ही त्यांपैकीच एक. कार्यकर्त्यांच्या शिबिरात आरोग्याचा विषय निघाला की प्राथमिक आरोग्य केंद्राचे गळके छप्पर, सर्पदंशावरील औषधाचा तुटवडा, परिचारिकांच्या रिकाम्या जागा यांचा पाढा वाचला जातो. आणि तो वाचला जाणे योग्यच आहे. तथापि त्या पाढ्याच्या शेवटी कोणीतरी हमखास विचारतो, की जिथे तापाची गोळी वेळेवर मिळत नाही तिथे पोटाला चार भोके पाडून ग्रंथी काढण्याच्या गप्पा कशाला? सभेत हशा पिकतो. त्या हशाबरोबरच आधुनिक शल्यविद्येचा सगळा प्रांत खाजगी भांडवलाच्या स्वाधीन करून टाकला जातो, याचे भान मात्र हसणाऱ्यांना राहत नाही.

हे भान येण्यासाठी मुंबई-पुण्याचे उदाहरण घेण्याचे कारण नाही. बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटचे घ्यावे. पैनगंगेच्या खोऱ्यातले, घाटावरचे हे गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून जवळ आहे. म्हणजे सरकारी नकाशावर ते मुळीच दुर्गम नाही. सोयाबीन-कापसाच्या वावरात निंदण-खुरपण करणारी तिथली चाळिशीची एखादी मजूर बाई डोळ्यांपुढे आणावी. तिची हाडे दुखतात, थकवा जात नाही, दोनदा मुतखडा होऊन गेला आहे. डॉक्टर सुई टोचतो, तेवढ्यापुरते बरे वाटते. घरचे म्हणतात, वात आहे. पाच-सहा वर्षे अशीच जातात आणि एक दिवस धुऱ्यावरून पाय घसरण्याचे निमित्त होऊन मांडीचे हाड मोडते. अशा बाईच्या गळ्यात, थायरॉईडच्या मागच्या बाजूस, मसुराच्या दाण्याएवढ्या ज्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, त्यांतली एक वाढून हाडांतले कॅल्शियम उपसून रक्तात ओतत असण्याचा संभव असतो. या रोगाचा सुगावा एका साध्या रक्ततपासणीने लागतो आणि बहुतेकदा एका लहानशा शस्त्रक्रियेने तो कायमचा बरा होतो. ही बाई कल्पित आहे; तिचा रोग कल्पित नाही. सधन देशांत हा विकार नेहमीच्या रक्ततपासणीतच कळतो आणि भारतात मात्र तो हाडे व मूत्रपिंडे पोखरली गेल्यावर उघडकीस येत आला आहे, अशी नोंद वैद्यकशास्त्रातच झालेली आहे.

शरीरात ज्या ग्रंथी आपला रस नलिकेतून न सोडता सरळ रक्तात सोडतात त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात. गळ्यातली थायरॉईड, तिच्यामागच्या पॅराथायरॉईड, मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अॅड्रिनल आणि मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी या त्यांतल्या प्रमुख. यांतील बऱ्याच ग्रंथी आकाराने लहान आणि जागेने अडचणीच्या. जुन्या शल्यविद्येत त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच रोगापेक्षा दारुण होता. अॅड्रिनलवरची सुपारीएवढी गाठ काढण्यासाठी कुशीत किंवा पोटावर वीतभर लांबीचा छेद घ्यावा लागे, स्नायू कापावे लागत, प्रसंगी बरगडीचा तुकडाही काढावा लागे. १९९२ साली कॅनडातील माँट्रियल येथे मिशेल गान्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही ग्रंथी दुर्बिणीतून, बोटभर रुंदीच्या तीन-चार छिद्रांमधून काढून दाखवली. १९९६ मध्ये त्यांनीच पॅराथायरॉईडची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे जाहीर केले. पिट्युटरीच्या गाठीपर्यंत आता नाकपुडीतून दुर्बीण घालून जाता येते. कवटी उघडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. फार मोठ्या किंवा कर्करोगाचा संशय असलेल्या गाठींसाठी मोठा छेद अजूनही लागतो. परंतु अॅड्रिनलच्या बहुतांश साध्या गाठींसाठी दुर्बिणीचा मार्ग हाच आज जगन्मान्य मार्ग आहे.

हे चोचले कोणाचे, हा प्रश्न आता अर्थशास्त्राच्या तराजूत घालून पाहावा. वीतभर छेद घेतलेला रुग्ण आठवडाभर रुग्णालयात राहतो आणि दीड-दोन महिने जड काम करू शकत नाही. दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेला रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो आणि दोन-तीन आठवड्यांत कामाला लागतो. फरक ढोबळमानाने तीस दिवसांचा धरावा. २०२४–२५ या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावरचा दर दिवसाला २९७ रुपये होता. त्या दराने तीस दिवसांची मजुरी ८,९१० रुपये होते. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या नातेवाइकाचे पाच दिवस वाचले असे धरले तर आणखी १,४८५ रुपये. एकूण १०,३९५ रुपये. काम रोज मिळते असे गृहीत धरून केलेला हा हिशेब आहे, आणि हंगामात टाके ताजे असतानाच कामावर जाणाऱ्या बाईच्या पोटात पुढे जो हर्निया होतो त्याची किंमत यात धरलेलीच नाही. पगारी रजा असलेल्या अधिकाऱ्याला हे तीस दिवस विश्रांतीचे असतात. हातावर पोट असणाऱ्याला ते सावकाराच्या दारात नेऊन सोडतात. तेव्हा छेदाच्या लांबीचा संबंध सौंदर्याशी आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी तो मजुरीशी जोडून पाहावा. लहान छेदाची गरज श्रीमंताला आहे त्याहून कितीतरी अधिक गरिबाला आहे.

ही गोष्ट महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची पाळी यावी हे दुर्दैव आहे. भारतात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा पाया कोणा पंचतारांकित रुग्णालयात घातला गेला नाही. तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, म्हणजे गोरगरिबांच्या सरकारी दवाखान्यात घातला गेला. डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी तिथे १९७२ पासून पोटाच्या आजारांचे निदान करण्यासाठी दुर्बीण वापरली आणि १९९० साली त्याच रुग्णालयात देशातील पहिली दुर्बिणीची पित्ताशय-शस्त्रक्रिया केली. विकसनशील देशातल्या गरिबालाच या पद्धतीचा लाभ सर्वाधिक आहे, कारण त्याला लवकर कामावर परतावे लागते, असे ते आयुष्यभर प्रतिपादन करीत राहिले. २०२३ साली त्यांचे निधन झाले. सार्वजनिक रुग्णालयात जन्मलेली विद्या तीन दशकांत खाजगी रुग्णालयांच्या जाहिरात-फलकांवर जाऊन बसली. तिला तिथे जाऊ देणाऱ्यांत राज्यकर्ते होतेच. पण ‘चोचले’ म्हणून तिच्याकडे पाठ फिरवणारे पुरोगामीही होते.

समाजवाद्यांनी तर हे विसरायलाच नको होते. आणीबाणीच्या स्थानबद्धतेत जयप्रकाशांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि १९७५ च्या अखेरीपासून १९७९ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ते डायलिसिसच्या यंत्रावर जगले. त्या यंत्रासाठी लोकांकडून वर्गणी गोळा झाली. पंतप्रधानांच्या निधीतून आलेली रक्कम परत पाठवण्यात आली. यंत्र महाग आहे म्हणून ते परके, असे त्या वेळी कोणी म्हटले नाही. यंत्र कोणाच्या मालकीचे आणि कोणाच्या सेवेत, हाच प्रश्न त्या वेळी विचारला गेला. तोच आज विचारायचा आहे.

अर्थात दुर्बीण विकत घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या कपाटात ठेवली म्हणजे काम भागले, असे समजणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. सरकारी खरेदीखात्याला ती फार प्रिय आहे. यंत्र येते, फीत कापली जाते, छायाचित्र छापून येते; चालवणारा माणूस नसल्याने यंत्रावर धूळ साचते. येथे या शस्त्रक्रियेचे एक वैशिष्ट्य नीट समजून घेतले पाहिजे. छेद जितका लहान, तितकी त्याच्यामागे उभी असलेली व्यवस्था मोठी असावी लागते.

पॅराथायरॉईडचेच पाहावे. पूर्वी शल्यवैद्य गळा दोन्ही बाजूंनी उघडून चारही ग्रंथी शोधीत असे. आता दोन-तीन सेंटिमीटरच्या छेदातून नेमकी बिघडलेली ग्रंथी काढता येते. पण कोणती बिघडली हे आधी कळले तरच. त्यासाठी रक्तातले कॅल्शियम व पॅराथायरॉईडचा रस मोजणारी प्रयोगशाळा हवी, गळ्याची सोनोग्राफी जाणकार नजरेने करणारा तज्ज्ञ हवा आणि किरणोत्सारी द्रव्य टोचून ग्रंथी दाखवणारा गॅमा कॅमेरा हवा. ग्रंथी काढल्यावर रक्तातला तिचा रस काही मिनिटांतच उतरतो. दहा मिनिटांनी तो निम्म्याहून खाली आला की रोगाचे मूळ निघाले असे समजून गळा शिवता येतो. म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच प्रयोगशाळा जागी असली पाहिजे. अॅड्रिनलच्या एका प्रकारच्या गाठीत रुग्णाला मधूनमधून डोकेदुखी, धडधड, दरदरून घाम आणि भयंकर रक्तदाब यांचे झटके येतात. त्या गाठीला आधी दहा-पंधरा दिवस विशिष्ट औषधांनी रक्तदाब काबूत आणल्यावाचून हात लावला तर रुग्ण टेबलावरच दगावू शकतो. तेथे शल्यवैद्याइतकेच महत्त्व भूलतज्ज्ञाला आणि ग्रंथीविकारांच्या वैद्याला असते. लहान छेद ही अशा रीतीने अनेकांच्या समाईक श्रमाची निष्पत्ती आहे. बाजार त्यातला छेद तेवढा विकतो, कारण त्याची जाहिरात करता येते. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची आणि पाठपुरावा करणाऱ्या परिचारिकेची जाहिरात होत नाही.

देऊळघाटच्या त्या बाईची वाट आता चालून पाहावी. एस. टी.ने बुलढाण्याला जाणे सोपे आहे. तिथे जिल्हा रुग्णालय आहे. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले आहेत, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मोडलेले हाड बसवले जाईल. पण हाड का मोडले, हा प्रश्न विचारणारा कोणी भेटेल काय? भेटलाच तर पुढची वाट अकोल्याची, म्हणजे शंभर किलोमीटरच्या घरात. नाहीतर छत्रपती संभाजीनगरची, दीडशेच्या घरात. त्यापुढे नागपूर किंवा मुंबई. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणाला आजही रेल्वे नाही. गाडी धरायची तर घाट उतरून मलकापूर, नांदुरा नाहीतर शेगाव गाठावे लागते. प्रत्येक फेरीला दोन माणसांची मजुरी बुडते. तपासणी एका दिवशी, तिचा अहवाल दुसऱ्या दिवशी, तज्ज्ञाची पाळी तिसऱ्या दिवशी, अशा तीन फेऱ्या झाल्या की दोन माणसांच्या मिळून सहा दिवसांच्या मजुरीवर पाणी पडते आणि चौथ्या फेरीला बाई निघत नाही. तिने उपचार नाकारले, अशी नोंद कागदावर होते. वस्तुतः उपचारांनी तिला नाकारलेले असते.

यावर उत्तर तयार असते, की महात्मा फुले यांच्या नावाची जनआरोग्य योजना आहे ना! २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत ती सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर पसरली, २०१७ मध्ये तिचे नाव बदलले आणि २०२३ च्या निर्णयाने विम्याची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांवर नेण्यात आली. या योजनेने अनेकांचे प्राण वाचवले आहेत. ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु तिची रचना बाजाराची आहे. सरकार शस्त्रक्रियेगणिक ठरावीक रक्कम देते आणि ती करणारे रुग्णालय बहुधा खाजगी असते. ज्या कामाला पैसे मिळतात ते काम वाढते. निदानाआधीची पाच वर्षांची वणवण या हिशेबात येत नाही. शस्त्रक्रियेनंतरचे दहा-पंधरा दिवस येतात, त्यापुढचे आयुष्य येत नाही. जोतीरावांचे नाव धारण करणाऱ्या योजनेत रुग्णालयाचा खर्च रुपयापर्यंत मोजला जातो आणि शेतकरीण-मजुरिणीची बुडालेली मजुरी मोजायला रकानाच नाही.

शस्त्रक्रियेनंतरच्या आयुष्याचा प्रश्न किती मूलभूत आहे, हे ग्रंथींच्या शल्यविद्येच्या इतिहासानेच शिकवले आहे. स्वित्झर्लंडमधील बर्नचे थिओडोर कोखर यांनी थायरॉईडच्या हजारो शस्त्रक्रिया केल्या. जी शस्त्रक्रिया एके काळी जीवघेणी मानली जाई तिचे मृत्युप्रमाण त्यांनी शेकडा एकाच्याही खाली आणले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्यांचे मोठेपण आणखी एका गोष्टीत आहे. शस्त्रक्रिया करून घरी पाठवलेल्या रुग्णांना त्यांनी पुन्हा बोलावून तपासले. तेव्हा संपूर्ण ग्रंथी काढलेले अनेक जण सुजलेले, मंद झालेले, थिजलेले दिसले. १८८३ मध्ये त्यांनी हा आपल्याच हातून घडलेला अनर्थ जगापुढे मांडला. थायरॉईड पूर्ण काढलेल्या माणसाला आयुष्यभर रोज एक गोळी घ्यावी लागते, हे आज सर्वांना ठाऊक आहे. त्या ज्ञानाचा उगम रुग्णाला पुन्हा बोलावण्यात आहे. कोखर यांनी पंधरा दिवसांनंतर वही मिटली असती तर हे ज्ञान जगाला इतक्या लवकर मिळाले नसते.

बाजाराच्या हाती ही विद्या गेली की तिचे काय होते, याचा पुरावा थायरॉईडच देते. गळ्यावर व्रण राहू नये म्हणून काखेतून, छातीवरून, ओठाच्या आतून दुर्बीण घालून थायरॉईड काढण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. ओठाच्या आतल्या पद्धतीचा पहिला मोठा अनुभव थायलंडमधून २०१६ साली प्रसिद्ध झाला. निवडक रुग्णांत आणि कुशल हातांत त्या सुरक्षित आहेत. मात्र अॅड्रिनलच्या दुर्बिणीला लागू पडणारा युक्तिवाद यांना लागू पडत नाही. गळ्यावरचा चार-पाच सेंटिमीटरचा नेहमीचा छेद हा मुळातच फारसा क्लेशदायक नसतो. उलट दुरून ग्रंथीपर्यंत जाण्यासाठी कातडीखाली अधिक लांब बोगदा पाडावा लागतो आणि वेळही जास्त लागतो. लाभ व्रण न दिसण्याचा. लग्नाच्या बाजारात मुलीच्या गळ्यावरची रेघ मोजणाऱ्या समाजात तो लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही. परंतु तो समाजाचा रोग आहे आणि त्याची किंमत मुलीच्या बापाकडून वसूल करणे हा धंदा आहे. थायरॉईडच्या रुग्णाच्या दृष्टीने खरा प्रश्न असतो आवाजाची नस आणि पॅराथायरॉईड शाबूत राहण्याचा. त्या शाबूत राहतात त्या मुख्यतः वारंवार ही शस्त्रक्रिया करून सरावलेल्या हातामुळे. तो हात सरकारी रुग्णालयात टिकवून धरणे, हे यंत्र विकत घेण्यापेक्षा कठीण आणि अधिक मोलाचे काम आहे.

दक्षिण कोरियात काय घडले ते येथे सांगितले पाहिजे. तिथे १९९९ साली सरकारने काही कर्करोगांसाठी तपासणीची मोहीम सुरू केली. थायरॉईड त्या यादीत नव्हती. पण दवाखान्यांनी थोड्या जादा पैशात गळ्याची सोनोग्राफी तीत जोडून दिली. १९९३ च्या मानाने २०११ साली थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान १५ पट वाढले. त्या कर्करोगाने मरणाऱ्यांचे प्रमाण जागच्या जागी राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी माणसाला कधीच उपद्रव दिला नसता त्या शोधून काढून लोकांचे गळे चिरले गेले. शेकडा ११ जणांच्या पॅराथायरॉईड निकामी झाल्या आणि शेकडा २ जणांच्या स्वररज्जूंना लकवा झाला. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी याविरुद्ध जाहीर आवाज उठवला तेव्हा शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने उतरली. काखेतून थायरॉईड काढणाऱ्या यंत्रमानवाची विद्याही त्याच देशात आणि त्याच काळात फोफावली होती, हे ध्यानात ठेवावे. ज्याला पैसे आहेत त्याच्या निरोगी गळ्यात रोग सापडतो आणि ज्याला पैसे नाहीत त्याचा खरा रोग हाड मोडेपर्यंत सापडत नाही, ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे होत.

आता मूळ आक्षेपाकडे वळावे. प्राथमिक आरोग्य आधी, दुर्बीण नंतर, हा क्रम वरवर पाहता निरपवाद वाटतो. गलगंडाचेच उदाहरण दिले जाते. डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग केला, १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि लक्षावधी गळे शल्यवैद्याच्या सुरीपासून वाचले. प्रतिबंध उपचाराहून श्रेष्ठ, हे यातून सिद्ध होते आणि त्याबद्दल दुमत नाही. साधे मीठ खाण्यासाठी विकण्यावरची बंदी केंद्राने २००० साली उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू केली, यावरून प्रतिबंधाची बाजूही किती जागरूकपणे राखावी लागते हे दिसते. पण अॅड्रिनलची गाठ मिठाने टळत नाही आणि पॅराथायरॉईडची गाठ स्वच्छ पाण्याने विरघळत नाही. शिवाय आधी-नंतरचा हा क्रम श्रीमंताला कोणी लावीत नाही. तो केवळ गरिबाच्या वाट्याला येतो. १९४६ च्या भोर समितीने पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहता कामा नये असे सांगितले, तेव्हा तिने खेड्यातल्या केंद्रापासून जिल्ह्याच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत एकच अखंड शिडी कल्पिली होती. शिडीच्या खालच्या पायऱ्यांसाठी वरच्या पायऱ्या सोडून देणे हे त्या कल्पनेत बसत नाही.

बुलढाणा जिल्ह्यात तर या दोन टोकांचा सांधा प्रत्यक्षच दिसतो. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत मूत्रपिंडाच्या आजारांची ओरड वर्षानुवर्षे चालू आहे. त्या लोकांना गोडे पाणी मिळणे ही पहिली गरज, यात शंका नाही. पण ज्यांची मूत्रपिंडे आधीच निकामी झाली आहेत त्यांचे काय? दीर्घकाळ डायलिसिसवर राहणाऱ्या रुग्णांत पॅराथायरॉईड ग्रंथी वाढतात, हाडे ठिसूळ होतात आणि औषधांनी भागले नाही तर त्या ग्रंथी शस्त्रक्रियेने काढाव्या लागतात. पाण्याच्या नळापासून ग्रंथीच्या शस्त्रक्रियेपर्यंत ही एकच साखळी आहे. २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले तेव्हा भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची पथके धावून आली. टक्कल छायाचित्रात दिसते. ठिसूळ झालेले हाड छायाचित्रात दिसत नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी धावत नाही.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी बुलढाण्यासह राज्यातील दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले. ही संधी आहे. या महाविद्यालयाने उद्यापासून पिट्युटरीच्या गाठी काढाव्यात असे कोणी शहाणा म्हणणार नाही. अंतःस्रावी शस्त्रक्रिया हा विषय लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर संस्थेसारख्या सरकारी संस्थेने स्वतंत्र विभाग काढून वाढवला, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाचा ग्रंथीविकार विभाग नावाजलेला आहे. सार्वजनिक क्षेत्राला हे जमते, याची ही ग्वाही आहे. प्रश्न ती विद्या विदर्भाच्या पश्चिम टोकापर्यंत आणण्याचा आहे.

त्यासाठी कार्यकर्त्यांनी चार मागण्या हाती घ्याव्यात. पहिली, वारंवार मुतखडा होणाऱ्या, किरकोळ पडण्याने हाड मोडणाऱ्या आणि तरुण वयात रक्तदाब जडलेल्या प्रत्येक रुग्णाची कॅल्शियम व संबंधित रसांची तपासणी बुलढाण्याच्या सरकारी रुग्णालयात विनामूल्य आणि एकाच फेरीत व्हावी. दुसरी, अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयात ग्रंथींच्या शस्त्रक्रियेचे पथक, म्हणजे शल्यवैद्य, भूलतज्ज्ञ, ग्रंथीविकारतज्ज्ञ, प्रयोगशाळा आणि गॅमा कॅमेरा यांसह संपूर्ण पथक, कायम पदांवर नेमावे. कंत्राटी नेमणुकांनी सरावलेला हात तयार होत नाही. तिसरी, शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येक रुग्णाची किमान वर्षभर नोंद ठेवून त्याला गावात जाऊन गाठावे आणि आवाज, कॅल्शियम, गोळ्या यांचा हिशेब दरवर्षी प्रसिद्ध करावा, मग शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात झालेली असो वा योजनेतल्या खाजगी रुग्णालयात. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, रुग्णाला व त्याच्या सोबत्याला बुडीत मजुरी द्यावी. हा शब्द नवा नाही. मानव विकास कार्यक्रमात गोरगरीब गर्भवती स्त्रियांना बुडीत मजुरी देण्याचे तत्त्व याच राज्याने स्वीकारलेले आहे. रोजगार हमीचा कायदा देशात पहिल्यांदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे तत्त्व शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत नेणे अशक्य नाही.

या मागण्यांना पैसा कुठून आणणार, असे विचारले जाईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत आरोग्यावरचा सरकारी खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन दिले होते. ते पाळले गेले नाही. हा प्रश्न आधी ज्यांनी वचन मोडले त्यांना विचारावा. आणि विचारणारा राजकीय पक्ष नसेल तर तो प्रश्न देऊळघाटच्या बाईच्या वतीने कोण विचारणार? तिच्या गळ्यातली गाठ दोन सेंटिमीटरच्या छेदातून निघू शकते, हे जगाला ठाऊक झाल्याला तीसएक वर्षे होऊन गेली. ते तिला अजून कोणी सांगितलेले नाही. कार्यकर्त्याने पुढच्या खेपेस गावात गेल्यावर तिला हाडांच्या दुखण्याबद्दल विचारावे, तिच्या मुतखड्याचे कागद पाहावेत आणि तिला बुलढाण्याच्या रुग्णालयात घेऊन जाऊन कॅल्शियमची तपासणी मागावी. मिळाली नाही तर मोर्चा तिथूनच सुरू करावा.